हत्ती पास झाला

पार्वताबाईंचे कापडी हत्ती शनिवारी सकाळी तयार झाले आणि त्यांच्या नवऱ्यानं, गुलाबरावांनी, चष्मा पुसायला घेतला. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

गोहलपुरातल्या कारखान्यांसाठी जन्मभर सलवार-सूट शिवल्यावर पार्वताबाईंनी पहिल्यांदाच स्वतःच्या मनाचं काही शिवलं होतं. सूटांच्या कात्रणांचे रंगीबेरंगी हत्ती, डोळ्यांना चकचकीत बटणं. रविवारी कारागिरांच्या मेळाव्यात त्यांचा पहिलावहिला स्टॉल होता. त्या आनंदात त्यांना धड जेवणही जात नव्हतं.

"पण खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का लागते ना?" गुलाबरावांनी हत्ती उलटा धरून विचारलं.

"लागते बाबा," सून यशोधरा म्हणाली. "पण आईंनी कारागीर म्हणून नोंदणी केली आहे. अशांना सूट आहे."

"सरकारनं सोडलं असेल. मी नाही सोडून राहिलो!"

गुलाबराव तोफांच्या सरकारी कारखान्यात तपासनीस होते. निवृत्तीनंतर कुकरचं झाकण आणि भाजीवाल्याचा तराजू सोडला, तर तपासायला त्यांच्या हाती काहीच लागलं नव्हतं. त्यांनी हत्तीच्या डोळ्याला दोरीनं वरवंटा टांगला. बटण तुटून कपाटाखाली गेलं.

"पाहा! लेकराच्या तोंडात गेलं असतं म्हणजे?"

पार्वताबाईंचा चेहरा उतरला, पण बोलणं खरं होतं. "बरोबर आहे बाप्पा तुमचं. बटणं काढून दोऱ्याचे डोळे भरते. एक तपासला ना? झालं मग."

"एक तपासून कसं होईल? आमच्याकडे एकेक नग तपासला जाये!"

सासूसुना रंगीत दोरा आणायला बाजारात गेल्या आणि गुलाबरावांना रान मोकळं मिळालं. रंग पक्का आहे का पाहायला काही हत्ती उकळत्या पाण्यात गेले. शिवण पाहायला काहींचे कान ओढले गेले. उरलेले गच्चीवरून खाली निघाले. एवढ्यात शेजारच्या हेमलता दीदी ओरडल्या, "अंकलजी, आपका हाथी हमारी कढ़ी में आ गया!"

"फटा तो नहीं?"

"कढ़ी कैसे फटेगी?"

"हाथी, दीदी, हाथी!"

बायका परतल्या तेव्हा दोरीवर हत्ती ओळीनं वाळत होते. कुणाला सोंड नव्हती, कुणाच्या पोटातून कापूस लोंबत होता, एकाला कढीचा वास येत होता.

"डोळे सोडले तर सगळे पास!" गुलाबराव अभिमानानं म्हणाले.

"आणि याचा कान?" यशोधरेनं विचारलं.

"कान ओढायच्या परीक्षेत पास झाला. मग मी पुन्हा ओढून पाह्यला."

पार्वताबाई पायरीवर मटकन बसल्या. "उद्या स्टॉलवर मी काय मांडू हो?" गुलाबरावांचा सगळा रुबाब तिथंच गळाला. ते खाली मान घालून म्हणाले, "चुकलंच माझं."

पार्वताबाईंनी डोळे पुसले आणि नवऱ्याच्या हातात सुई दिली. "बसा."

तिघंही शिवायला बसली. तोफेचा कणभर दोष पकडणाऱ्या माणसाला सुईत दोरा ओवता ओवेना. शेवटी एक कान लागला. पार्वताबाईंनी तो ओढून पाहिला आणि उसवून परत दिला. "टाका ढिला आहे. नापास."

"काहून? एवढं चालते!"

"सरकारनं सोडलं असेल. मी नाही सोडून राहिले."

यशोधरेला हसू आवरेना. मग गुलाबरावही हसले आणि निमूटपणे पुन्हा ओवायला लागले.

रविवारी स्टॉलवर हत्ती झोकात उभे होते. गुलाबरावांनी शिवलेला वाकड्या सोंडेचा हत्ती पार्वताबाईंनी मागं लपवला होता. पण आईच्या कडेवरून एका दात येणाऱ्या बाळानं झेप घेतली ती नेमकी त्याच्यावरच! त्यानं सोंड चावली, डोळा चोखला, हत्ती जमिनीवर आपटला आणि परत मिळेपर्यंत भोकाड पसरलं. मग कान धरून ओढला.

गुलाबराव जुन्या मोठ्या साहेबांसमोर उभे राहत, तसे ताठ उभे होते.

बाळानं कान पुन्हा ओढला. टाका हलला नाही.

"यही दे दीजिए आंटी, अब ये छोड़ेगा नहीं," त्याची आई म्हणाली.

"पास," पार्वताबाई नवऱ्याच्या कानात म्हणाल्या.

गुलाबरावांनी घाईघाईनं चष्मा काढून पुसायला घेतला. पार्वताबाईंनी उरलेले हत्ती तेवढ्यात त्यांच्यापासून लांब सरकवले.