मापाची पँट

दुकान कसं वाचवायचं, ते मला विचारा! आमच्या रस्त्यावर एकेकाळी छत्र्या दुरुस्त करणारा होता, पिशव्या शिवणारा होता, पेनांची निबं बदलून देणारा होता. सगळे गेले. आमचं शिवणकामाचं दुकान तेवढं टिकलं, आणि ते टिकलं माझ्या डोक्यामुळे. (आमचे हे आज असते, तर या वाक्याला नक्की खोकले असते.)

तेव्हा दुकान म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीशी पायमशीन, भिंतीवर खडूची बोटं पुसल्याचे डाग, आणि कोपऱ्यात काजं करत बसलेल्या सासूबाई. सुई कापडाला आणि जीभ माणसाला, दोन्ही एकाच वेळी टोचायच्या! ह्यांना सगळे मास्तर म्हणत. कापड कापताना हे शीळ घालायचे. अजूनही कुठे कात्रीची करकर ऐकली, की मागोमाग शीळ येईल म्हणून मी कान देते.

मग समोर तयार कपड्यांचं दुकान उभं राहायला लागलं. सगळ्या काचाच काचा! ते अजून उघडलंही नव्हतं, तरी लोक म्हणायला लागले, "आता कशाला शिवून घ्यायचं? थांबू की थोडं!" आमचं मशीन थांबलं. ते एकटं थांबतंय होय? पलीकडच्या बटणवाल्याची बटणं पडून राहिली. इस्त्रीवाल्याचे कोळसे विझले. कोपऱ्यावरचा चहावाला तर आमच्याकडे ताटकळलेल्या गिऱ्हाइकांवरच जगायचा. तो घाबरून विचारायला आला, "मास्तर, हल्ली तुम्ही कपडे वेळेवर द्यायला लागलात की काय?"

ह्यांची शीळ बंद झाली.

तेवढ्यात थोरल्या दिरांचा निरोप आला. त्यांच्या गावी गोदामात राखणदाराची जागा होती. मशीन विकून टाका आणि या.

"जातो झालं," हे म्हणाले.

"राखणदार? तुम्ही? जेवण झालं की बसल्या जागी घोरता! गोदाम कोण राखणार, चोर?"

"मग काय करू? तूच सांग!"

"सांगते ना! तयार पँटा सगळ्यांना सारख्या मापाच्या. माणसं का सारख्या मापाची असतात? कुणाला तरी त्या कमी-जास्त कराव्या लागणारच. ते काम आपण घ्यायचं!"

हे ताडकन उठले. "मी अंगाचं माप घेऊन शिवणारा माणूस! दुसऱ्याच्या पँटांची शेपटं कापू? त्या दुकानाची पायरी चढणार नाही मी!"

"नका चढू. मी चढते."

आणि चढले! तिथला मॅनेजर बुटका, गोल, सदा घामेजलेला. मी म्हटलं, "आमच्या मास्तरांचा हात एकदा बघा तरी." तो म्हणाला, "बघू वहिनी. उद्घाटनाला आमच्या सगळ्या पोरांना गणवेश आहे. ते पाठवतो. मालकांना आवडलं, तर पुढचं सगळं काम तुमचं. नाही आवडलं, तर शहरातला माणूस ठरलेलाच आहे."

संध्याकाळी गाठोडं आलं. प्रत्येक जोडीत दोन पँटा: एक निळी गणवेशाची, एक ज्याची त्याची. वर मॅनेजरच्या जोडीत त्याची स्वतःची चॉकलेटी. आणणारा हमाल "सोबत मापाची आहे" एवढं बोलून गेलासुद्धा.

आता आमच्या दुकानाची एक रीत ऐका. मापाला दिलेला कपडा आम्ही आल्या आल्या उलटा करून ठेवायचो. शिवण दिसते, आणि चुकून त्यालाच कात्री लागत नाही. सासऱ्यांपासूनची रीत! त्यामुळे दुकानात उलटी पँट दिसली, की ती मापाची, हे आमच्या हाडात भिनलेलं.

गाठोड्यातल्या निळ्या पँटा झाडून सगळ्या उलट्या होत्या!

हे डोकं खाजवायला लागले. "अगं, म्हणजे निळी मापाची? आणि ह्या घरच्या पँटा निळीएवढ्या करायच्या? निळ्या तर वीतभर लांब आहेत! लोक पँट कमी करायला देतात. वाढवायला कोण देतं?"

"नवी पद्धत असेल. पायघोळ!"

"मॅनेजरला हे कापड पुरून वर उरेल."

"असंच तर जुन्या वळणाचे लोक मागे पडतात! काळाबरोबर चालायला शिका."

सासूबाई सुईतून डोकं वर न काढता म्हणाल्या, "एवढी लांब पँट घालून चालतोय कुठला काळ? तोंडावर पडेल!"

"एकदा समोर जाऊन विचारून ये," हे म्हणाले.

"मुळीच नाही! पहिल्याच कामाला विचारायला गेलो, तर म्हणतील ह्यांना काही येत नाही."

झालं! चिंध्यांचं गाठोडं सुटलं. प्रत्येक पँटेच्या रंगाला रंग, विणीला वीण लावून ह्यांनी पट्ट्या काढल्या. काय जोड दिले म्हणून सांगू! भिंग लावून पाहिलं तरी दिसू नयेत. आतून सासूबाईंची हातशिलाई. इस्त्रीवाल्याने कोळसे पेटवून अशी घडी मारली, की तिच्यावर भाजी चिरावी! निळ्या पँटांना मात्र आम्ही हातही लावला नाही. मापाच्या ना त्या!

सकाळी मॅनेजर स्वतः न्यायला आला. समोर फुगे, गर्दी, मालकांची गाडी येण्यात. त्याने आधी आपली चॉकलेटी उचलली. ती उलगडली, उलगडतच गेली, आणि टोक जमिनीवर पोचलं तरी कंबर त्याच्या नाकापाशी होती.

"वहिनी, ही... ही माझी आहे?"

"हो! कशी वाढवलीय? जोड शोधून दाखवा!"

"अहो, पण माझे पाय कोण वाढवणार?"

मग त्याने निळी उचलली. होती तशीच. माणूस मटकन पाटावर बसला. "नव्या पँटांना धूळ लागू नये म्हणून मीच दुपारभर बसून त्या उलट्या करून पाठवल्या हो! झालं, माझी नोकरी गेली!"

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या पोराचं तर शिवणकाम गेलं. तू निदान शहरात दुसरी नोकरी शोधशील!"

आणि तेव्हा ह्यांनी टेप गळ्यात टाकली, टाचण्यांची डबी खिशात कोंबली आणि मला म्हणाले, "कात्री घे. आई, सुया घे. चला."

"कुठे?"

"समोर. कुठे म्हणजे?"

जी पायरी चढणार नव्हते, तीच पायरी आमचे हे लांब ढांगा टाकत चढले! मागोमाग मॅनेजर निळ्या पँटांचं गाठोडं घेऊन आला, आणि बघता बघता पोरं त्या घालून उभी राहिली. चालायला लागली, की लादी आपोआप पुसली जात होती. बसायला जागा नाही, कोपऱ्यात उजेड नाही. उजेड एकाच ठिकाणी, रस्त्याकडच्या मोठ्या काचेत! ह्यांनी तिथले कपडे घातलेले पुतळे बाजूला सारले आणि पोरांना रांगेने स्टुलांवर चढवलं. हे खडूने खूण करायचे, मी कातरायची, सासूबाई अंगावरच टाका घालायच्या.

"हलू नकोस रे मेल्या! सुई गेली तर नव्या पँटेला डाग पडेल!"

"आजी, मला लागेल ना!"

"तुला लागलं तर आपोआप बरं होईल. पँट धुवावी लागेल!"

बाहेर लोक थांबले. मग त्यांच्या मागे लोक थांबले. काचेला नाकं चिकटली. ह्यांचा हात असा काही चालत होता, की बघ्यांतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आणि मला काय ऐकू आलं? शीळ! कितीतरी दिवसांनी! मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. डोळ्यांत पाणी, हातात कात्री, आणि समोर लोकांचे पाय.

गर्दीतून वाट काढत मालक आत आले. "हे काय चाललंय? ही कल्पना कुणाची?"

मॅनेजर पांढराफटक. मी डोळे मिटले.

"एवढी गर्दी तर फुग्यांनी जमली नसती!" मालक म्हणाले. "घ्या आणि तिथेच मापात करून घ्या! वा! कुणाची कल्पना, म्हटलं!"

मॅनेजरने घाम पुसला. "माझीच, साहेब."

सासूबाई पुटपुटल्या, "शहाणा आहे. टिकेल."

दुपारपर्यंत आमच्या दारात नव्या पँटांची रांग लागली. बटणवाला आला, इस्त्रीवाल्याने जास्तीचा कोळसा मागवला, चहावाल्याला तर आनंदाने दूध उतू गेल्याचंही भान राहिलं नाही. ह्यांनी दिरांना निरोप धाडला: राखणदार दुसरा बघा.

संध्याकाळी मी मशीनपाशी जाऊन उभी राहिले. थोडं कौतुक ऐकायचं होतं, दुसरं काय!

"तुझ्यामुळेच झालं सगळं," हे म्हणाले.

"मग! मी सांगत होतेच!"

"म्हणून एक नाजूक काम तुलाच द्यायचं ठरवलंय. दुसऱ्याच्या हाती मी देणारच नाही."

मी खुशीत ओंजळ पुढे केली. ह्यांनी तीत मॅनेजरची चॉकलेटी पँट ठेवली, तिच्यावर उरलेल्या सगळ्यांच्या, आणि सर्वांत वर दाढीच्या ब्लेडची एक पत्ती.

"उसव."

सासूबाईंचा टाका इतका चिवट, की आठवडाभर मी उसवतच होते. आणि त्या कोपऱ्यात बसून मला पुन्हापुन्हा सांगत होत्या, "जपून हं सूनबाई. पक्कं काम आहे!"