हुतूतूवाली शालन

शालन परब श्वास न घेता बोलायची. आमच्या दारात उभी राहून "काकू आईने वाटीभर साखर मागितलीय आणि तुमचं दूध उतू चाललंय" हे एका दमात संपवायची, मग छाती भरून हवा घ्यायची. माझी आई वैतागायची. "अगं, मधे कुठेतरी थांब, मलाच गुदमरायला होतं."

"थांबले तर बाद होईन ना काकू."

हुतूतूत दम तुटला की गडी बाद, म्हणून बाईसाहेबांची ही अष्टौप्रहर प्रॅक्टिस. पेपरवाले त्याला कबड्डी म्हणायला लागले होते, पण घाटकोपरच्या आमच्या चाळीत तो हुतूतूच होता. आणि पोरींनी तो खेळायचा नाही हे सगळ्यांनी ठरवलेलं होतं. शालन मिठागराकडच्या मोकळ्या जागेत रोज खेळायची, आणि ढोपरं फोडून घेऊन भर गॅलरीतून ताठ मानेने यायची. कुणी काही बोललंच तर विचारायची, "तुमच्या ढोपराला लागलंय का?"

आम्ही दोघी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला. तिचे वडील परबकाका कुडाळकडचे, गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. कुणीही भेटो, लेकीबद्दल त्यांचं एकच, "माझा चेडू डॉक्टर होतला." संध्याकाळी पाळी संपवून आले की खोलीबाहेर स्टूल टाकून पहाऱ्याला बसायचे. कुणी मोठ्याने हसलं तरी बोट ओठांवर. "गजाली नको, अभ्यास चललो हा."

आत काय चालायचं ते मला ठाऊक होतं. विज्ञानाचं पुस्तक हातात धरून शालन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावायची. जाताना "वनस्पती सूर्यप्रकाशात आपले अन्न स्वतः तयार करतात", भिंतीला हात लावून परत येताना प्राण्यांचं वर्गीकरण, सगळं एका श्वासात. बाहेर काकांचा ऊर भरून यायचा. "आयकलंस? श्वास पण घेना नाय."

मी तिला म्हटलं, "लाज नाही वाटत बापाला फसवायला?"

"फसवते कुठे? धडा खराच आहे."

होताही. सहामाहीत तिला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त पडले, तो राग माझ्या मनात अजून आहे.

मग तिची जिल्ह्याच्या संघासाठी निवड झाली. फॉर्म आला, त्यावर पालकांची सही हवी, तीही शनिवारपर्यंत. सही नाही तर संघ नाही. सोमवारी तिने फॉर्म काकांसमोर धरून मोठ्याने वाचला. काका म्हणाले, "नाय." ती म्हणाली, "ठीक आहे, उद्या परत वाचीन." मंगळवारी वाचला, बुधवारी वाचला. काकांचं नाय आणि हिचं उद्या, गुरुवारपर्यंत अख्ख्या चाळीला पाठ झालं.

शुक्रवारी माझं डोकं सरकलं. "मूर्ख आहेस तू. कॉलेजचा फॉर्म आहे म्हणून पुढे कर, डोळे मिटून सही करतील."

तिने पहिल्यांदाच बोलायच्या आधी श्वास घेतला. मग हळू म्हणाली, "डोळे उघडे ठेवूनही करतील. त्यांना वाचता येत नाही. सही तेवढी येते, तीही चित्रासारखी काढतात. म्हणून तर खोटं सांगायचं नाही. आणि हे बाहेर बोललीस तर तंगडी धरून लोळवीन."

शनिवारी मी मुद्दाम वही मागायच्या निमित्ताने त्यांच्याकडे जाऊन बसले. तिने फॉर्म वाचला. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, खेळताना इजा झाल्यास मंडळ जबाबदार नाही. तीही वाचली. मी कपाळावर हात मारला.

काका म्हणाले, "ह्या कित्याक वाचलंस?"

"लिहिलंय म्हणून."

"आणि डॉक्टर?"

"नाही होणार मी, बाबा. तुम्ही सही केलीत तरी नाही, आणि नाही केलीत तरी नाही."

काकांनी तिच्या हातातून फॉर्म घेतला. मग पेन मागितलं. जीभ दातात धरून एकेक अक्षर काढलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. "बरोबर इली मां?"

मी वाकून पाहिलं. ब च्या पोटातली रेघ राहून गेली होती. परबचं झालं होतं परव.

"एकदम बरोबर," शालन म्हणाली.

फॉर्म द्यायला मी सोबत गेले. मंडळाच्या कारकुनाने चष्मा वर केला. "वर शालन परब, खाली सही परव. खरं आडनाव कुठलं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने माझ्या पायावर पाय दिला. कारकुनाचं पेन उचलून वरचं स्वतःचं आडनाव खोडलं.

"खालचं. माझ्या वडिलांनी लिहिलंय ते."

त्यानंतर ती सहा वर्षं खेळली. यादीत, फळ्यावर, दोनदा तर पेपरातसुद्धा तिचं नाव शालन परव असंच आलं, आणि तिने ते कुणालाही दुरुस्त करू दिलं नाही.