कप्तानाचा हिरवा समुद्र

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या नगरच्या गल्लीत काठोकाठ पाणी फक्त मुरलीअण्णांच्या घरात होतं, आणि ते कुणाला पिता येत नव्हतं.

बाकी सगळे घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. कुणीतरी यायचं, खिडकीतून डोकवायचं आणि ठणाणा करायचं, "इथं लेकरांच्या घशाला कोरड पडलीय आणि ह्यांचे मासे पोहतायत!" अण्णा शांतपणे पेला भरून खिडकीबाहेर धरायचे. "घे. पी की. लाजू नको." एकदा एका पैलवानानं ईर्षेनं घोट घेतला आणि भिंतीवर थुंकला. "समुद्र हाय त्यो," अण्णा म्हणाले, "तुझ्या आज्यानं तरी पिला हुता का?"

अण्णा मूळचे श्रीगोंद्याकडचे. घरी जमीन असताना हा माणूस ऐन तारुण्यात पळून जाऊन बोटीवर खलाशी झाला. आयुष्य इंजिनाला तेल घालण्यात गेलं, तरी गल्ली त्यांना कप्तान म्हणायची आणि तेही ओ द्यायचे. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा लोकांनी विचारलं, आता काय करणार? अण्णा म्हणाले, "समुद्र आननार." आम्ही हसलो. हसायला आमचं काय जात होतं! पण मी पडलो एस.टी.च्या पार्सल खिडकीवरचा कारकून, त्यामुळे हसणं मलाच महागात पडलं. मुंबईच्या गाडीच्या टपावरून समुद्राच्या पाण्याचे प्लॅस्टिकचे कॅन यायला लागले आणि ते सायकलला बांधून घरपोच करायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. अण्णांनी मला कधी बाबूराव म्हटलं नाही. "ए पार्सल!" अशी हाक यायची.

पुढच्या खोलीत लाकडी घडवंचीवर काचेची मोठी पेटी बसली. तळाला वाळू, चार दगड आणि काळ्या पट्ट्यांचे तीन मासे. हवेसाठी ट्रकची जुनी ट्यूब टम्म फुगवायची, तिला बारीक नळी जोडायची, की पेटीत बुडबुडे सुरू. पाणी आटलं की मीठ मागं उरतं, म्हणून वरून गोडं पाणी घालावं लागे. ते अण्णा स्वतःच्या आंघोळीतून काढत. आंघोळ कधी चुकली हे आम्हाला विचारावं लागत नसे, वारा सांगायचा.

आता ह्या घरातली दुसरी व्यक्ती. सरूवहिनी, अण्णांच्या थोरल्या भावाची बायको. थोरला भाऊ आजारी पडला तेव्हा अण्णा बोटीवर होते. तार पोचली उशिरा, अण्णा पोचले त्याहून उशिरा. दारात पाऊल ठेवलं तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "समुद्रच सख्खा तुमाला," आणि त्या दिवसापासून अबोला. एका छपराखाली राहायचं, एका चुलीवरचं खायचं, पण शब्द नाही. वहिनी मागच्या खोलीत, अण्णा पुढच्या. ताट मधल्या उंबऱ्यावर ठेवलं जायचं. निरोप न्यायला मी!

"बाबूराव, आमच्या भावजींना सांगा, रेशन आनायचंय."

भावजी तीन हातांवर बसलेले असायचे. मी मान वळवून म्हणायचो, "अण्णा, रेशन आणायचंय."

"त्यांना सांग, आनतो."

"वहिनी, आणतो म्हणतात."

असा माझा जन्म चालला होता. अशा घरात समुद्र आल्यावर वहिनींना काय वाटलं असेल! पण त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे मलासुद्धा बोलल्या नाहीत.

महिना-दोन महिने पेटी आरशासारखी होती. मग काचेवर तपकिरी साय धरली. अण्णांनी दाढीच्या पात्यानं खरवडली. दुसऱ्या दिवशी साय हिरवी. मग दगडांना हिरव्या शेवया फुटल्या, मग पाणीच हिरवं झालं आणि मासे दिसेनासे झाले. गल्लीत सल्ल्यांना ऊत आला. कुणी म्हणालं, तुरटी फिरवा, टँकरच्या गढूळ पाण्याला आम्ही तेच करतो. अण्णांनी त्याला दाराबाहेर काढलं. ऊन लागतंय म्हणून पेटीवर घोंगडी टाकली. काठीला शेवाळ गुंडाळून ओढून काढलं. अर्धं पाणी उपसून नवा समुद्र घातला, म्हणजे माझ्या सायकलचं कंबरडं मोडलं. आठवडाभर बरं, पुन्हा हिरवं.

"सोडा आता नाद," मी म्हणालो.

"नाद? अरे, मी वादळात बॉयलर पेटता ठेवलाय. हे शेवाळ मला शिकवनार? माघार न्हाई!"

तेव्हा वहिनींनी तोंड उघडलं. "बाबूराव, त्यांना सांगा, घराला कुजका वास मारतोय. पाडव्यापत्तुर पानी नितळ झालं तर ऱ्हाऊ दे. न्हाई झालं तर गुढी उभारायच्या आधी पेटी बाहेर."

"त्यांना सांग," अण्णा गरजले, "पाडव्याला ह्या पान्यात वाळूचा कन अन् कन मोजून दाखवीन!"

झालं. अख्ख्या गल्लीचं लक्ष पाडव्याकडे लागलं.

एके दिवशी भर दुपारी मी कॅन घेऊन गेलो, तर अण्णा पुढच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसलेले. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मी फटीतून आत पाहिलं. पेटीपाशी सरूवहिनी! ज्या खोलीत अण्णा परतल्यापासून त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं, त्या खोलीत उभ्या राहून त्या कणकेच्या बारक्या गोळ्या पाण्यात सोडत होत्या. आमच्याकडे हे पुण्यकर्म. त्यांच्या माहेरच्या बारवेत मासे होते, लहानपणापासून त्या गोळ्या घालायच्या. त्या साली बारव आटली, मासे गेले. आणि इथं ह्या बाई रेशनच्या गव्हातून, स्वतःची पोळी लहान करून, खाऱ्या पाण्यातल्या माशांचं पोट भरत होत्या. गोळ्या टाकता टाकता बोलतही होत्या.

"खा रे बाबांनो. आन् तुमच्या मालकाला सांगा, रातभर खोकत हुते. सुंठ फडताळात ठिवलीय म्हनावं. माझं नाव सांगू नका."

मी अण्णांना ओढत कोपऱ्यावर नेलं. डोकं सणकलं होतं माझं! "म्हणजे हे कणकेचं शेवाळ होय? आणि मी इथं समुद्र वाहून मरतोय!"

"व्हय. दगडाखाली कनीक कुजती, त्याचंच खत हुतंय. कवाच कळलंय मला."

"मग झाकण बसवा की पेटीला! कुलूप लावा!"

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पोटावर पाय दिला होता. "झाकन लावल्यावर त्या बोलतील कुठं?"

मी कॅन खाली ठेवला.

"दादाच्या मागं घरात त्यांचा आवाज फकस्त तुझ्याशी, आन् त्यो बी रेशनचा. रोज दुपारी मी हितं बसतो. मला सुंठ ठिवल्याचं मासं सांगत्यात. पेटी जायाची तर जाऊ दे. पन त्यांच्या हातातली गोळी मी काढून घ्यायचा न्हाई. शेवाळ मी खरवडीन. हात हायत मला."

आणि खरवडलं हो त्यांनी. पहाटे खरवडायचे, दुपारी वहिनी गोळ्या घालायच्या, संध्याकाळी पुन्हा पातं घेऊन अण्णा हजर. पात्यानं बोटं कापली, मिठानं झोंबली. मासे गलेलठ्ठ झाले आणि पाणी काही नितळ होईना.

पाडवा उजाडला. पेटी आंब्याच्या कोवळ्या पानांसारखी हिरवीगार. गल्ली आंघोळी उरकून खिडकीला लटकलेली, तो थुंकलेला पैलवान सगळ्यांत पुढं. अण्णांनी नवं धोतर नेसलं होतं. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. बादली घेतली, नळी पेटीत सोडली आणि मला म्हणाले, "पार्सल, पेटीला हात लाव. शब्द म्हंजी शब्द." आवाज ताठ होता, पण नळीचं दुसरं टोक बादलीत सोडायचं ते विसरले होते. मला त्या माणसाची अशी दया आली की मीच खिडकी लावून घेतली.

तेवढ्यात उंबऱ्यावर वहिनी आल्या. हातात कडुलिंब-गुळाची वाटी. त्यांनी बादलीकडे पाहिलं, अण्णांच्या बोटांवरच्या चिंध्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाबूराव," त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, पाडवा काय पुढच्या वर्षी येत न्हाई का?"

मी सवयीनं मान वळवली. "अण्णा, वहिनी म्हणतात—"

"ऐकलं मी, वहिनी," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, बाई आता पदर सावरून आत निघून जाणार. त्या उंबरा ओलांडून पुढच्या खोलीत आल्या. वाटी घडवंचीवर ठेवली, काचेला कपाळ लावून त्या हिरव्यात पाहत राहिल्या, आणि तशाच, न वळता म्हणाल्या, "भावजी, त्या बारक्याला गोळी मिळतच न्हाई बघा. दोगं थोरले हिसकून घेत्यात."

अण्णांनी नळी बाहेर काढली. नवं धोतर वर खोचलं, बाही वर सारली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

"तुमी टाका," ते म्हणाले, "मी त्या दोगांना अडवतो."