आप्पांची क्रीज

आमच्या शेजारचे आप्पा रोज दुपारी चार वाजता साखर कारखान्यातलं जुनं पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवतात, पायांना सुतळीनं वर्तमानपत्राच्या घड्या बांधतात आणि कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन घरातल्या घरात बॅटिंग करतात. स्टंप म्हणून मागे पिठाचा डबा. बॉल मात्र लिंबाएवढा, रबरी.

मी वडूजकडचा. आमच्या घरातून कॉलेजला आलेला मी पहिलाच, त्यामुळे कराडच्या या खोलीत अभ्यास सोडून दुसरं काही करायची मला भीती वाटते. आणि भिंतीपलीकडून रोज आरोळ्या. "नो बॉल हाय! अंपायर मेलाय व्हय?" दिवाळीआधी परीक्षा तोंडावर आली तेव्हा धीर करून मी तक्रार करायला गेलो.

बॉलिंग काकू, म्हणजे आप्पांची बायको, करत होत्या. पलंगावर, उशीला टेकून. पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. बोटांत बळ यावं म्हणून डॉक्टरांनी तो बॉल दाबायला दिलेला. काकूंनी तो एकदा चिडून आप्पांच्या अंगावर फेकला.

"तवा हात हलला गड्या," आप्पा म्हणाले. "म्हणलं, मारू दे की रोज."

डावा हात वापरला की नो बॉल.

"आवं, धोपाटणं तरी सरळ धरा," काकू अडखळत म्हणाल्या. "धुणं न्हाई ते."

खरं होतं. क्रिकेटचं वेड काकूंना. आप्पा उभ्या आयुष्यात एक मॅच खेळले नव्हते. काकू मॅच बघायला बसल्या की कुरकुरायचे. तक्रार राहिली बाजूला, त्यांनी मला अंपायर नेमलं.

क्रीज म्हणजे फरशीवरची खडूची रेघ. दिवाळीत ती उंबऱ्यापाशी होती. मग बॉल तिथवर पोचेनासा झाला. काकूंचा डोळा लागला की आप्पा ओल्या फडक्यानं रेघ पुसायचे, एक फरशी पुढं नवी ओढायचे आणि डबाही सरकवायचे. संक्रांतीला रेघ कपाटापाशी आली. न राहवून मी म्हणालो, "आप्पा, क्रीज लय फुडं आली."

"तू इंजिनेर व्हणार न्हवं?" ते हळू आवाजात म्हणाले. "मग मोजमाप कागदावर करत जा."

परवा आप्पांचे गुडघे पलंगाला टेकले होते. काकूंच्या हातातून बॉल नुसता घरंगळला आणि चादरीवरच थांबला. आप्पांनी जोरात धोपाटणं फिरवलं.

"हुकला! लय वळला गं!"

काकू बॉलकडे बघत राहिल्या. मग डाव्या हातानं त्यांनी शेजारची जागा थोपटली. "बसा वाईच. दमलासा."

पायांच्या घड्यांमुळे आप्पांना बसता येईना. सुतळी सोडायला मी वाकलो.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "अजून ओव्हर संपली न्हाई."