सही वर कोणाची

नायब तहसीलदार निखाडे यांना पिपरटोल्यातून एकच कागद हवा होता. त्यावर बापूराव रामटेके आणि चैतू आत्राम या दोघांच्या सह्या, बस्स. तो मिळाला की तहसीलदारसाहेब त्यांना चंद्रपूरला सोडणार होते. तिथे बायको सरिता शाळेत शिकवत होती, आणि तीन वर्षांची दिव्यानी हल्ली बापालाच फोनवर "कोण बोलता?" असं विचारू लागली होती.

भांडण साधं होतं. भीमजयंतीला गावातल्या बौद्ध मंडळींनी चौकात पंचशील ध्वज लावला, आणि चार पावलांवर गोंड मंडळींनी आपला सप्तरंगी. बापूराव इकडचे पुढारी, चैतू तिकडचा. दुसऱ्याचा झेंडा असू द्या, पण आपल्यापेक्षा उंच नको, एवढंच दोघांचं म्हणणं. निखाड्यांनी लेखी तोडगा काढला : दोन्ही काठ्या एकवीस फूट. टेप लावला, दोन्ही तंतोतंत भरल्या.

"साहेब, चैतूभाऊचा उंच दिसून राह्यला," बापूराव म्हणाले.

"जमीनच इकडं चढती हाय. जमीन का मी बनवली?" चैतू म्हणाला.

चौक खरंच उताराचा होता. निखाड्यांनी बापूरावांच्या काठीखाली वीतभर ओटा बांधायची परवानगी दिली. सिमेंट सुकायच्या आत त्यावर आणखी दोन विटा चढल्या, पावसात ओटा खचतो म्हणून. मग चैतूच्या काठीखालीही ओटा आला. आठवडाभरात दोन्ही ओटे कमरेला लागले. दोघे म्हातारे मात्र रोज दुपारी त्यांच्या मधल्या सावलीत बसून एकाच पन्नीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा खात. भांडण झेंड्यांचं होतं, खर्ऱ्याचं नव्हतं.

शेवटी निखाड्यांनी गवंड्याकडून पातळी बघायची पाण्याची नळी आणवली, दोन्ही काठ्यांची टोकं एका पातळीत आणली आणि घाईघाईने करारनामा पुढे केला.

"वर सही कोनाची?" बापूरावांनी विचारलं.

"बाजूबाजूला करा."

"मंग उजवीकडं कोन?" चैतूनं विचारलं.

अकरा दिवस सांभाळलेला निखाड्यांचा तोल तिथे गेला. त्यांनी 'जैसे थे' असा आदेश काढला, चौकाभोवती दोरी बांधली, आत पाऊल टाकायची सगळ्यांना बंदी केली, कोतवालाला पहाऱ्यावर बसवलं आणि जीपमध्ये बसून निघून गेले. गावाचं एकुलतं एक बोरिंग दोरीच्या आत गेलं, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. अकरा दिवस ते वरच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तहसील कचेरीत पाण्याचे रिकामे गुंड-हंडे घेऊन तीस बाया आल्या. पुढे चैतूची बायको सोनीबाई आणि बापूरावांची अंजनाबाई. नवरे मागे.

"काऊन जी साहेब, झेंडे पानी पेतात का?" सोनीबाईनं विचारलं.

"कोतवाल आमाले बोरिंगजवळ जाऊ देत नाई," अंजनाबाई म्हणाल्या, आणि टेबलावर तक्रारअर्ज आपटला.

अर्जात तीन मागण्या होत्या. दोरी काढा. दोन्ही झेंडे आहेत तिथे राहू द्या, आमचं काही म्हणणं नाही. आणि नायब तहसीलदारांना इथून ताबडतोब हलवा. खाली साठ सह्या-अंगठे, त्यात चैतूची वर आणि बापूरावांची पार तळाला.

निखाड्यांना राहवलं नाही. "बापूरावजी, तुमची सही खाली आहे. चालेल ना?"

"घरी पानी नाई साहेब. सही कुठी हाय, थे कोन पायते?"

निखाड्यांनी इतक्या आनंदाने स्वतःविरुद्धची तक्रार कधीच स्वीकारली नव्हती. दोरी सोडायला त्यांनी कोतवालाला तिथूनच फोन केला आणि अर्ज घेऊन साहेबांच्या खोलीत धावले.

साहेबांनी आधी सह्या पाहिल्या. "दोन्ही बाजू एका कागदावर! निखाडे, हे आजवर कोणाला जमलं नाही."

"साहेब, तिसरी मागणी वाचा. मला हलवायचं म्हणतात." निखाड्यांच्या डोळ्यांपुढे चंद्रपूर उभं राहिलं होतं.

"हलवतो ना! गावकऱ्यांची मागणी मान्य." साहेबांनी खणातून एक फाइल काढली. "आणखी तीन गावांत हाच झगडा आहे. तुमच्यासारखा अनुभवी माणूस मी चंद्रपूरला सोडू? पिपरटोल्यात जे केलं, तेच इथं करा."

त्या संध्याकाळी दिव्यानीनं "कोण बोलता?" विचारलं. फोन ठेवून निखाडे कचेरीच्या भांडारात गेले आणि त्यांनी आणखी तीन दोऱ्या मागितल्या.

"लांबी किती पाहिजे साहेब?" भांडारवाल्यानं विचारलं.

"बोरिंग आत येईल एवढी," निखाडे म्हणाले.