ईश्वरप्पांची पिशवी

पाहुणा निघाला की त्याची पिशवी लपवायची, ही गुरुबसप्पांच्या घरची उदगीरपासूनची रीत. पाहुण्याने थोडं शोधायचं, घरच्यांनी थोडं हसायचं, मग चहा व्हायचा, पिशवी परत मिळायची आणि दोन्हीकडची अब्रू राखून पाहुणा एसटीत बसायचा. नांदेडला येऊन इतकी वर्षं झाली तरी गुरुबसप्पांनी ही रीत सोडली नव्हती. पंचाईत अशी, की त्यांचे मावसभाऊ ईश्वरप्पा फार हळवे. पिशवी दिसेनाशी झाली, की ह्यांचा आपल्यावर केवढा जीव आहे असं वाटून ते खरोखरच मुक्काम वाढवत. डोळे दाखवायला म्हणून एका दिवसासाठी आलेला हा माणूस आठवडा होत आला तरी दिवाणावर ठाण मांडून होता.

याचा ताप कुणाला, तर सुनेला. मंजुश्रीला शुक्रवारी भाग्यनगरातल्या एका इंग्रजीच्या क्लासमध्ये डेमो तास घ्यायचा होता. याआधी दोन ठिकाणी ‘तुमचं शिकवणं पुस्तकी आहे’ असं सांगून तिला परत पाठवलं होतं आणि ते तिला फार लागलं होतं. ही नोकरी तिला हवीच होती. विषय मिळाला होता टिकून राहण्याच्या इंग्रजी क्रियापदांचा. ती भिंतीशी उभी राहून तालीम करी आणि ईश्वरप्पा समोर मांडी घालून ऐकत. वस्तू पुरते ते लास्ट, माणूस सोसतो ते एन्ड्युअर, काम झालं तरी पाय निघत नाही ते लिंगर, इथवर त्यांना पटलं. पुढे गाडी अडली.

“पर्सिस्ट म्हंजे चिकाटी, अन् पर्सिव्हिअर म्हंजेबी चिकाटीच? मग एका कामाला दोन गडी कशाला लावले गोऱ्यानं?”

मंजुश्री पुस्तकातली व्याख्या वाचून दाखवी. ते मान डोलवत आणि पुन्हा तेच विचारत. खरं म्हणजे तिलाही तो फरक धड सांगता येत नव्हता, म्हणून तर तिला त्यांचा जास्त राग येई.

शुक्रवारी सकाळी ईश्वरप्पांनी निघायचं नक्की केलं आणि गुरुबसप्पांनी रीत पाळली. पलंगाखालची, कपाटामागची अशा घरातल्या सगळ्या जागा पाहुण्याला आता तोंडपाठ झाल्या होत्या. म्हणून त्यांनी पिशवी सुनेच्या स्कूटीच्या डिकीत कोंबली आणि स्वतः दाढी करायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. इकडे मंजुश्रीने देवाला हात जोडले, स्कूटी काढली आणि ती क्लासला गेली. पिशवीत ईश्वरप्पांच्या भस्माची डबी होती, आणि भस्म लावल्याशिवाय ते पाण्याचा घोटही घेत नसत. मंजुश्रीच्या सासूबाई रत्नम्मा यांनी सगळं घर पालथं घातलं. गुरुबसप्पा गुळगुळीत गाल घेऊन परतले तेव्हा कुठे खरी जागा कळली. रत्नम्मांनी नवऱ्याला कन्नडमध्ये जे सुनावलं ते इथे न सांगितलेलंच बरं. ईश्वरप्पा मात्र क्लासचा पत्ता विचारून उपाशीपोटीच ऑटोत बसले.

क्लासमध्ये मंजुश्रीचं पुस्तकच चाललं होतं. क्लासचे मालक उमाशंकर सर मागच्या बाकावर जांभया आवरत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, पर्सिस्ट आणि पर्सिव्हिअर यांत नेमका फरक काय? हीही नोकरी गेली, असं मंजुश्रीने मनाशी धरलं. तेवढ्यात दारात ईश्वरप्पा उभे राहिले.

“पोरी, डिकीची किल्ली दे. माझी पिशवी हाय तिच्यात.”

तिने हळू आवाजात विनवलं, काका, तास संपू द्या. त्यांनी मान डोलवली आणि किल्ली मागितली. तिने बाहेर थांबायला सांगितलं. ते बाहेर गेले, वळसा घालून खिडकीशी आले आणि तिथून किल्ली मागितली. वर्ग फिदीफिदी हसायला लागला. मंजुश्रीला आधी रडूच आलं, आणि मग तिला एकदम उमगलं.

“बघितलंत?” ती वर्गाकडे वळली. “नको म्हणलं तरी ऐकत नाहीत. आपल्याला वैताग येतो. आपल्या बाजूनं हे पर्सिस्ट.”

“मग पर्सिव्हिअर?” पुढच्या बाकावरच्या मनिषाने विचारलं.

“काका सकाळपासून उपाशी आहेत. भस्म लावल्याशिवाय खात नाहीत. त्या डबीसाठी उन्हातान्हाचं इथवर आले, तुम्ही हसलात तरी हटले नाहीत. त्यांच्या बाजूनं बघा, हे पर्सिव्हिअर.”

मनिषाने ते वहीत लिहून घेतलं. खिडकीतून समाधानाने “अस्सं व्हय” असं ऐकू आलं. मंजुश्रीने किल्ली दिली. ईश्वरप्पांनी पिशवी काढली, नळावर हातपाय धुतले, कपाळाला भस्म लावलं आणि ते पुन्हा खिडकीशी येऊन उभे राहिले. याला काय म्हणायचं, असं उमाशंकर सरांनी विचारताच सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “लिंगर.” एन्ड्युअर कोण करतं, हे एकाने विचारलं तेव्हा मंजुश्री नुसती हसली, आणि तेही सगळ्यांना कळलं.

सरांनी तिला सोमवारपासूनच यायला सांगितलं. ती कागदपत्रं देऊन बाहेर आली ती जवळजवळ पळतच. इतका आनंद तिला कितीतरी दिवसांत झाला नव्हता आणि काकांवरचा राग कुठल्या कुठे गेला होता. तिने वाकून त्यांना नमस्कार केला आणि ती म्हणाली, चला, स्टँडवर सोडते तुम्हाला.

“स्टँडवर कशाला?” ईश्वरप्पा म्हणाले. “तू कागदं देत होतीस तवाच सरांशी बोललो की. सातवीत शाळा सुटली अन् इंग्रजी राहूनच गेलं बघ. तू शिकवलंस की कळतंय मला. गावाकडलं माझं दुकान पोरं बघतेत. सर म्हणले, बसा मागच्या बाकावर.”

मंजुश्रीने घरी फोन लावला. रत्नम्मांनी आधी नोकरीचं विचारलं आणि मग आवाज खाली आणून पाहुण्यांचं.

“नोकरी मिळाली, आत्या. भाकरीचं पीठ जरा जास्त मळा.”

“गाडी चुकली का त्यांची? उद्या जातेत का?”

“न्हाई,” मंजुश्री म्हणाली. “बॅच मार्चपर्यंत हाय.”