आधी दंड, मग भरीत

जळगावजवळच्या आमच्या असोद्यात भरिताचं आमंत्रण लोक हात जोडून देतात. आमचे शेजारी नाना ते दंड दाबून देतात. दसरा उलटला की नाना गल्लीत फिरायला लागतात. समोर येईल त्याचा डावा दंड दोन बोटांनी दाबायचा आणि तोंडाकडे बघत राहायचं, अशी त्यांची पद्धत. माणूस कळवळला की नानांचा चेहरा उजळतो. "येजो मंग भरिताले, घरच्यायले घेऊन." माणूस नुसताच हसला तर नाना पुढच्या घराकडे वळतात. दंड दुखत नाही म्हणजे फ्लूची लस घेतलेली नाही आणि लस नाही तर नानांच्या मळ्यात भरीत नाही. बायकांचे दंड दाबायचं काम नानांच्या बायकोकडे, म्हणजे अक्कांकडे. त्या जरा जास्तच जोरात दाबतात.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण इकडे पुष्कळ घरांत चातुर्मासात वांगं बंद असतं. चंपाषष्ठीपर्यंत जीभ नुसती वाट बघत असते. मग षष्ठीनंतरच्या रविवारी नानांच्या मळ्यात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटतात, त्यावर हिरवी, हातभर वांगी भाजतात. लाकडी बडजीत ती ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि हिरवी मिरची. खाली केळीचं पान, सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, म्हणजे कळण्याच्या पुऱ्या. त्या पंगतीतून नाव कटणं ही आमच्या जिल्ह्यात साधी शिक्षा नाही.

मी मूळची धुळ्याकडची, लग्न होऊन इथे आले. पहिल्याच वर्षी आमच्या ह्यांनी नानांना फसवायचं ठरवलं. सुईला हे फार भितात. नानांनी दंड दाबल्याबरोबर हे असे ओरडले की मी स्वयंपाकघरातून धावत आले. नाना शांत. ओट्यावर बसले, चहा घेतला, कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल बोलले, आणि उठता उठता ह्यांचा उजवा दंड दाबला. हे तितक्याच जोरात ओरडले. "दोन्ही हाताले टोचत नहीत, भाऊ," एवढंच म्हणून नाना गेले. दुसऱ्या दिवशी हे ट्रॉलीत होते.

ही ट्रॉली म्हणजे नानांच्या ट्रॅक्टरची. दिवाळीआधी एक दिवस तिच्यात सतरंजी अंथरून अर्धी गल्ली जळगावला डॉक्टरीणबाईंकडे टोचून घ्यायला जाते. बाया नवी लुगडी नेसतात, कुणीतरी चिवडा आणतं. ट्रॉलीच्या पहिल्या वर्षी म्हणे दवाखान्यासमोर ट्रॉली थांबली आणि माणसं भराभरा उतरायला लागली, तेव्हा आतले लोक स्ट्रेचर घेऊन पळत आले होते. त्यांना वाटलं, कुठेतरी मोठा अपघात झाला. नाना त्यांना म्हणाले, घाबरू नका, सगये धडधाकट हायेत, म्हणून तर आणले.

कुणी भरिताच्या आदल्या दिवशी टोचून आलं तर नाना ते धरत नाहीत. लस अंगात भिनायला दोनेक आठवडे लागतात, हे डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलंय आणि त्यांनी ते गावाला सांगितलंय. रोप लावलं त्याच दिवशी वांगं तोडतो का, असं विचारतात. मागच्या वर्षीच टोचली होती म्हणणाऱ्यालाही ते सोडत नाहीत. मागच्या वर्षीचं वांगं यंदा भाजतो का, म्हणतात.

माझे वडील धुळ्याहून खास भरितासाठी आले, तेव्हा मला जरा धास्ती होती. नानांनी विचारलं, टोचून घेतली का. आबा छाती पुढे काढून म्हणाले, "मना आंगले आजलोंग सुई लागेल नही शे." ही फुशारकी त्यांनी चुकीच्या माणसासमोर मारली. नानांनी त्यांना टोपी घातली, नारळ दिला, व्याह्याचा करतात तसा सगळा मान केला आणि मळ्याच्या पार टोकाला निंबाखाली खुर्ची टाकून एकट्याला बसवलं. तिथे त्यांना चहा आणि दोन केळी पोचवली. वारं आमच्याकडून त्यांच्याकडे होतं, म्हणजे भाजल्या वांग्याचा वास तेवढा अखंड मिळत होता. आबा परतीच्या बसपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी दिवाळीत त्यांचाच फोन आला, "टोची लिधी. आते तरी वाढशात का?"

भरीत वर्षातून एकदा, पण नानांचं वेड बारमाही. त्यांच्या दारात पाण्याची टाकी आहे आणि तिच्या नळाला साबण दोरीने बांधलेला असतो. आत जायचं तर आधी हात धुवायचे, मग तुम्ही कुणीही असा. सर्दी झालेल्याने अंगणातल्या ट्रॅक्टरवर बसून बोलायचं. शिंक आली तर तोंडासमोर कोपर. ही सवय त्यांनी गल्लीला इतकी लावली की आमच्या चुलत दिराला अंतरपाट धरलेला असताना शिंक आली आणि त्याचं कोपर आपोआप वर गेलं. फोटोवाल्याने नेमका तोच क्षण पकडला. नवरीकडचे अजून विचारतात, तुमच्यात तशी रीत आहे का.

ताप आला की मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिकच्या भारी गोळ्या आणून खाणाऱ्यांवर नानांचा विशेष राग. अळीचं औषध बुरशीच्या करप्यावर मारतो का, मग विषाणूच्या तापाला ती गोळी कशाला, असं म्हणत ते गोळी हातातून काढून घेतात आणि माणसाला डॉक्टरीणबाईंकडे पाठवतात. मला हे सगळं आवडायचं असं नाही. सासरी नवी असताना मी दोनदा ट्रॅक्टरवर बसून रडकुंडीला आले आहे, आणि हा म्हातारा स्वतःला समजतो कोण, असं ह्यांना विचारलंही आहे.

मागच्या वर्षी भरिताला चार दिवस राहिले असताना खुद्द नानांना ताप आला.

गावात जो हशा पिकला तो विचारू नका. ज्यांनी टोचून घेतलं नव्हतं ते तर पारावर मुक्कामालाच बसले. ताप चढतोय असं वाटताक्षणी नानांनी तोंडाला रुमाल बांधला, अंथरूण उचललं आणि मळ्यातल्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत राहायला गेले. घरात अक्का. अक्कांना जुना दमा, हिवाळ्यात साधी सर्दी त्यांच्या छातीत उतरते. डॉक्टरीणबाईंनी नानांना तपासून फ्लूवरच्या गोळ्या लगेच सुरू केल्या. वय बघता थांबून चालणार नव्हतं. विश्रांती घ्या, पाणी भरपूर प्या आणि दम लागला तर लगेच या, असं बजावलं. पारावरच्या हशाचं नानांच्या कानावर गेलंच. त्यांनी निरोप पाठवला, "टोचली म्हणून इथं खोलीत हाये. नही तं दवाखान्यात राह्यलो असतो."

पण त्या चार दिवसांत त्यांचा खरा जीव अडकला होता तो अक्कांमध्ये. अक्कांनीही लस घेतली होती, तरी ताप यायच्या आदल्या संध्याकाळी दोघं एकाच ओट्यावर चहा प्यायले होते. नाना मला सारखा फोन करायचे. ती खोकलली का, जेवली का, आवाज बसलाय का. मी भिंतीला कान लावून असायची. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, यंदा भरीत राहू द्या. नाना ऐकेनात. अक्का धड असतील तर भरीत होणार, नाहीतर नाही.

रविवारी सकाळी मी धास्तावतच अक्कांकडे गेले. अक्का वेणी घालून, ठेवणीतलं लुगडं नेसून तयार होत्या. खोकला नाही, ताप नाही. मला रडूच आलं, खरं सांगते.

मळ्यात निघताना मी सहज म्हटलं, नानांची फार आठवण येईल, त्यांना माणसांची किती हौस. अक्का हसत सुटल्या आणि दम लागला म्हणून थांबल्या.

"त्यायले?" त्या म्हणाल्या. "त्यायले माणसं अजिबात चालत नहीत, पोरी. चार जण आले का डोकं दुखते त्यायचं. आमच्या लग्नातनं उठून गोठ्यात जाऊन बसले होते. आन् वांगं खाल्लं का पित्त होते."

मग चालता चालता त्यांनी सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात फ्लूने त्यांना जळगावच्या दवाखान्यात पोचवलं होतं. परत आल्यावर सांगण्यात आलं, थंडीच्या दिवसांत गर्दी टाळा. नानांनी दार लावून घेतलं. त्यांना स्वतःला ते सुखाचंच होतं. पण अक्कांचा जन्म बोलण्यात गेलेला. महिनाभरात त्या कोंबड्यांशी बोलायला लागल्या, मग तेही सोडलं. जेवण तुटलं. नानांनी ते पाहिलं आणि एक दिवस डॉक्टरीणबाईंना विचारायला गेले की हिच्याजवळ माणसं बसवायची असतील तर काय करावं लागेल. तिथून पुढे सगळ्या गावाचे दंड दुखायला लागले.



मळ्यात काड्या पेटल्या होत्या. शंभरेक दुखरे दंड जमले होते. बडजीत ठोके पडत होते, आणि मधोमध सतरंजीवर अक्का. माझे आबा धुळ्याच्या गप्पा मारत होते, अक्का त्यांची टर उडवत होत्या, बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी वरणभाताचं ताट घेऊन मोटारीच्या खोलीकडे गेले आणि दारापासून लांब दगडावर ते ठेवलं.

नाना खिडकीत होते. तोंडाला मास्क, डोक्याला मफलर, चेहरा उतरलेला. नजर सतरंजीवर. बराच वेळ त्यांनी ताटाकडे पाहिलंच नाही.

"काय म्हणून हसते ती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, आबांनी टोचून घेताना डोळे मिटून देवाचं नाव घेतलं होतं, ते कुणीतरी फोडलं. नाना मास्कमध्ये हसले असावेत, डोळे बारीक झाले. मला वाटलं, थोडं थांबावं, लांबूनच चार शब्द बोलावेत. आज पहिल्यांदा मला या माणसाजवळ थांबावंसं वाटत होतं, आणि मी तसं म्हटलंही.

"नको," नाना म्हणाले. "तिच्या बाजूची जागा रिकामी झाली, पाह्य. जाय, तिथं बस लवकर. रिकामी जागा दिसली का ती मले शोधते."

मी धावतच गेले आणि अक्कांना अगदी खेटून बसले.